सल्लागाराच्या बिलावर ‘हजर दिवस’ कशाला?

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. आम्ही उचगावात राहतो. माझे मिस्टर डिप्लोमा मेकॅनिकल आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ते जून २०१८ पासून पॅटर्न आणि फिक्स्चरचं डिझाइन करतात. मार्च २०२४ अखेर एचआरनं त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला आणि १ एप्रिलपासून ‘कन्सल्टंट’ म्हणून करार केला. आधी हातात ३४ हजार यायचे, आता महिन्याला ४२ हजार ठरले, म्हणून आम्ही खूश होतो. पण त्यातून १० टक्के टीडीएस कापतात, पीएफ बंद झाला आणि कंपनीचा मेडिक्लेमही गेला. काम तेच, टेबल तेच, सकाळचं पंचिंगही तेच.

२०२५ च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, नवं फिक्स्चर बसतंय का बघायला ते शॉपफ्लोअरवर गेले होते. चेनब्लॉकवरचं कास्टिंग सुटून डाव्या पायावर पडलं. दोन बोटं मोडली, ऑपरेशन झालं, दवाखान्याचं बिल ७८ हजार आलं. १ मार्चपासून ते पुन्हा कामावर जातात. मधल्या दीड महिन्याचे पैसे मिळाले नाहीत. कंपनी म्हणते, तुम्ही आमचे कामगार नाही, तुमचा विमा तुम्ही काढायचा असतो. माणुसकी म्हणून १० हजार दिले आणि ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ अशा कागदावर सही घेतली. बिल भागवायला मी माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या.

ते नोकर आहेत की नाहीत? टॅक्सचं काय करायचं? विमा कुठला काढावा? राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडाली का? सोबत जानेवारीच्या बिलाचा, जुन्या पगारपत्रकाचा आणि कराराचा फोटो पाठवते. बिल अकाउंट्सवालेच टाइप करतात, मिस्टर फक्त सही करतात. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे.

— एक वाचक, उचगाव

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ बिलाचा तो फोटोच बघत बसलो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कागदावरच आहे.

वर मिस्टरांचं नाव आणि पॅन, खाली ‘टू’ म्हणून कंपनीचं नाव, मधे एकच ओळ : ‘कन्सल्टन्सी चार्जेस, माहे जानेवारी’. आणि त्याच ओळीच्या शेवटी ‘हजर दिवस १३’. रक्कम २१,०००. मी कॅलेंडर काढून मोजलं. १ ते १५ जानेवारीत दोन रविवार, म्हणजे कामाचे दिवस १३. ४२ हजारांना २६ नं भागून १३ नं गुणलं की बरोबर २१ हजार येतात. ताई, ही हजेरीवरची मजुरी झाली. बाहेरचा सल्लागार ड्रॉइंगचे पैसे लावतो, कामाचे लावतो, फार तर तासांचे लावतो. तो गेटवर किती दिवस पंच करून आत आला, हे त्याच्या बिलावर येत नाही. वर तुम्ही लिहिता की हे बिल अकाउंट्सवालेच टाइप करतात आणि मिस्टर फक्त सही करतात.

कायद्यात नातं नावावरून ठरत नाही, काम प्रत्यक्षात कसं चालतं त्यावरून ठरतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५६ साली धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातल्या अगरियांना, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांना, कामगार ठरवलं. त्यांना मजुरी मिठाच्या वजनावर मिळायची आणि मदतीला ते स्वतःची माणसंही लावत, तरीसुद्धा. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या निकालात नगावर शिवणारे शिंपी दुकानाचे नोकर ठरले. काम पसंत पडलं नाही तर मालक ते परत शिवायला लावत होता आणि मशिनं दुकानाची होती, हे तिथं महत्त्वाचं ठरलं. पुढं कसोट्या वाढत गेल्या. कामावर हुकूम कोणाचा चालतो, साधनं कोणाची, नफ्यातोट्याची जोखीम कोणावर, माणूस आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो का, दुसरीकडे काम घेऊ शकतो का, त्याचं काम धंद्याच्या पोटातलं आहे की बाजूचं. कुठल्याही एका गोष्टीवर निकाल लागत नाही, सगळं एकत्र तोलतात.

तुमच्या मिस्टरांना सकाळी साडेआठला पंच करावं लागतं, रजा प्लँट हेड मंजूर करतात, कॉम्प्युटर आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, ई-मेलही कंपनीच्या नावाचा आहे आणि करारात दुसरीकडे काम करायला बंदी आहे. ३१ मार्चला राजीनामा आणि १ एप्रिलला त्याच खुर्चीवर. माझ्या मते हे नोकरच आहेत. विरुद्ध बाजूला त्यांची करारावरची सही, राजीनामा आणि दरमहाची बिलं आहेत. कंपनीचा वकील तीच पुढं करणार. ती हलकी नाहीत, पण वरच्या गोष्टींपुढं कमी पडतील असं मला वाटतं.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी घरी पाहिलं आहे. माझे वडील उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला होते. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या बुकात, त्यांचं नाव शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. ग्राइंडिंगची ठिणगी डोळ्यात गेली तेव्हा काकांनी मस्टर बघायला मागितलं. त्या ओळीत रबर फिरलेला होता आणि कागद उजेडात धरला की नावाचा वळ दिसत होता. मी तेव्हा सहावीत होतो. म्हणून आजही कोणी ‘आमच्या बुकात नाव नाही’ म्हणालं की मी आधी बुक उजेडात धरायला सांगतो.

आता सगळ्यात निकडीचं बोलतो. अपघात झाला तेव्हा, जानेवारी २०२५ मध्ये, १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. मिस्टरांचा पगार २१ हजारांच्या वर असल्यामुळे ते राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये बसत नाहीत. म्हणूनच हा जुना कायदा त्यांच्या कामाचा. (ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आहेत, त्यांनी ईएसआयचा नंबर मागावा. ठेकेदारामार्फत असाल तरी मागावा.) कामावर असताना, कामामुळे इजा झाली की भरपाई मालकानं द्यायची. त्यानं विमा काढला होता का, हा त्याचा प्रश्न. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानंच भरून द्यायचा आहे. म्हणजे तुमचे ७८ हजार. शिवाय काम बंद होतं त्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. इथं मात्र हिशेबाला वेतन १५ हजारच धरतात, त्यामुळे पंधरवड्याला ३,७५० आणि तीन पंधरवड्यांचे ११,२५०. ६३ हजार बुडाले त्यापुढं ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मला कळतं. पण उपचारखर्च धरून ती ९० हजारांच्या घरात जाते आणि वेळेत न दिल्यास त्यावर १२ टक्के व्याज लागतं. बोटांची हालचाल कायमची कमी झाली असेल तर त्याची भरपाई वेगळी. त्यासाठी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून अपंगत्वाबद्दल लेखी घ्या.

आणि तो ‘माझी काही मागणी नाही’ असा कागद? याच कायद्याच्या कलम १७ नुसार असा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल असतो. मिळालेले १० हजार लपवू नका, दाव्यात मोकळेपणानं लिहा. त्या सहीला घाबरून मात्र थांबू नका. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे १४ जानेवारी २०२७ च्या आत अर्ज गेला पाहिजे. आपल्याकडे हे दावे कामगार न्यायालयात चालतात.

पुरावा मात्र आजपासून गोळा करा, कारण पंचिंगचं लॉगिन उद्या बंद झालं की हाती काही उरत नाही. आतापर्यंतची सगळी बिलं, बँकेचं स्टेटमेंट, ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो, ‘उद्या लवकर या, ट्रायल आहे’ असे प्लँट हेडचे व्हॉट्सअॅप मेसेज, रजेचे ई-मेल, करार, राजीनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या पावत्या. सगळं त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आणि एक संच तुमच्याकडे. कंपनीची ड्रॉइंग्ज मात्र घरी आणू नका. ती कंपनीची आहेत आणि त्यावरून उलट तक्रार होईल. अपघात झाला तेव्हा जवळ कोण होतं, त्यांची नावं लिहून ठेवा. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत या अपघाताची नोंद झाली का, तेही विचारा. माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्यानं अपघात कळवायचा असतो.

एक हिशेब तुम्ही मागितला नाहीत, तरी मांडतो. ८ हजारांची वाढ मिळाली म्हणून तुम्ही खूश होता. तुम्ही पाठवलेल्या जुन्या पगारपत्रकात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८ हजार आहेत. हातात ३४ हजार, व्यवसाय कर २००, तुमचा पीएफ २,१६०, म्हणजे एकूण पगार ३६,३६०. त्यात कंपनीचा पीएफ २,१६० मिळवा. ग्रॅच्युइटी महिन्याला साधारण ८६६ नं साठत होती. वर्षाला २१ भरपगारी रजा होत्या, त्यांचं मोल महिन्याला २,४४७ येतं. बेरीज ४१,८३३. म्हणजे खरी वाढ महिन्याला १६७ रुपयांची झाली आणि त्या १६७ रुपयांत मेडिक्लेम गेला, पीएफशी जोडलेला कमाल ७ लाखांचा विमा गेला, आणि आजारपणात चूल पेटती ठेवणारी भरपगारी रजा गेली. ज्या कोणाच्या हातात एचआर असा कागद ठेवेल, त्यानं सही करण्याआधी ही बेरीज आपल्या पगारपत्रकावरून करून पाहावी. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी ती केलेली नसते.

आता टॅक्स. इथं तुम्हाला वाटतं तेवढं भिण्याचं कारण नाही.

कंपनीनं टीडीएस पगाराच्या कलमाखाली न कापता १९४-जे खाली, म्हणजे व्यावसायिक फीवर कापला आहे. म्हणून कर कापल्याचा दाखला तुम्हाला पगारदाराच्या फॉर्म १६ ऐवजी १६-ए मिळतो. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये दीड महिना वजा जाता बिलं झाली ४,४१,००० ची आणि टीडीएस कापला ४४,१००. हा आकडा २६-एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, दिसतो का, ते आयकराच्या पोर्टलवर आधी बघा. कापून घेतलेला कर भरायला कंपनीनं टाळाटाळ केली असेल तर तिथंच कळेल.

रिटर्न २६-एएस शी जुळेल असंच, म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न म्हणून भरा. तुमच्या बाबतीत फॉर्म आयटीआर-४ आणि कलम ४४-एडीए. या कलमात अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना हिशेबाच्या वह्या न ठेवता जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न दाखवता येतं. कोणी तुम्हाला म्हणेल, ‘निम्मंच दाखवा, सगळे तसंच करतात’. ऐकू नका. कायद्यात ५० टक्के ही खालची मर्यादा आहे. प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्त दाखवायचं. तुमच्या मिस्टरांना पेट्रोल सोडलं तर खर्च काय आहे? आणि खरं उत्पन्न दाखवून तुमचं नुकसान एका रुपयाचंही नाही. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७-ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे पूर्ण ४,४१,००० दाखवले तरी ४४,१०० चे ४४,१०० परत. उलट फायदा असा की उद्या घराचं कर्ज मागाल किंवा टर्म विमा घ्याल तेव्हा बँक आणि विमा कंपनी हेच रिटर्न बघणार. स्वतःचा धंदा असणाऱ्याकडे उत्पन्नाचा दुसरा दाखला नसतो.

या वर्षाच्या रिटर्नची मुदत सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवून मिळाली होती. परतावा मागायचा असल्यानं थांबू नका. बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं असू द्या, बरेच परतावे तिथंच अडकतात. पैसे आले की आधी पाटल्या सोडवून आणा.

‘व्यवसाय म्हणून रिटर्न भरलं तर नोकर असल्याचा दावा पडेल का?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मिस्टर विचारतील. कंपनी तो मुद्दा काढेल, हे खरं. पण टीडीएसचं कलम कंपनीनं निवडलं, तुम्ही कापलेल्या कराशी जुळतं रिटर्न भरलं. नातं काय होतं, हे ठरवण्याचा अधिकार आयकराच्या फॉर्मला नाही. पगार म्हणून रिटर्न भरलं तरी कर शून्यच येतो, त्यामुळे तुम्ही कर वाचवायला सल्लागार झालात असंही कोणी म्हणू शकणार नाही. दाव्याच्या अर्जात एक वाक्य घाला : ‘कंपनीनं कर या कलमाखाली कापल्यामुळे त्यानुसार रिटर्न भरलं आहे.’

टॅक्सबद्दल आणखी थोडं, भरभर सांगतो. जीएसटी तुम्हाला लागू नाही, सेवेसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे. टीडीएस कापू नये म्हणून १५-जी देऊ असं कोणी सुचवेल, पण या कलमाला तो फॉर्म चालत नाही. कमी कपातीचं प्रमाणपत्र हवं असेल तर आयकर अधिकाऱ्याकडे मागावं लागतं. तांत्रिक सेवेच्या फीवर टीडीएस २ टक्के असतो आणि व्यावसायिक फीवर १०, तेव्हा १० का लावला एवढं अकाउंट्सला जरूर विचारा. आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर. पगारदार असताना कंपनी कापून भरत होती. स्वतंत्र सल्लागारानं स्वतः नावनोंदणी करून वर्षाला २,५०० भरायचे असतात. हे बहुतेकांना ठाऊक नसतं आणि मग काही वर्षांनी थकबाकीची नोटीस येते.

विम्याबद्दल मात्र मला तुमच्याशी जरा कठोर बोलू द्या. जानेवारीत अपघात झाला, मार्चपासून ते पुन्हा त्याच शॉपफ्लोअरवर जात आहेत आणि आज जुलैतही त्यांच्या नावावर एक पैशाचा विमा नाही. हक्काचा दावा चालेल तसा चालेल, त्याला वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर ‘आपल्याला कोणीही विमा देणार नाही’ असं धरूनच घर चालवा.

पहिली घ्यायची ती वैयक्तिक अपघात पॉलिसी. मेडिक्लेमच्याही आधी. ती घेताना ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हा भाग आहे का, ते नीट बघा. त्यात माणूस अंथरुणावर असेल तोवर दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. तुमच्या दीड महिन्यात नेमकी हीच गोष्ट नव्हती. स्वस्त पॉलिसीत फक्त मृत्यू आणि कायमचं अपंगत्व असतं, मोडलेल्या बोटांना तिचा काही उपयोग नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही तशीच : वर्षाला २० रुपये, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. तरीही ती घ्याच, दोघांनीही. पासबुकात मेअखेर २० रुपये वजा झालेत का बघा. नसतील तर बँकेत अर्ज द्या. जीवनज्योती योजनेचे ४३६ रुपये भरले की २ लाखांचा आयुर्विमा मिळतो, तोही असू दे. पण चौतिशीतल्या, घर चालवणाऱ्या माणसाला एवढा पुरत नाही. रिटर्न हातात आलं की ५० लाखांच्या आसपास साधा टर्म विमा घ्या. विम्यात गुंतवणूक मिसळलेली पॉलिसी कोणी पाहुण्यानं पुढं केली तर चहा पाजून वाटेला लावा.

प्रपोजल फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात एजंट ‘ऑफिस काम’ लिहील, हप्ता थोडा कमी येतो म्हणून. लिहू देऊ नका. ‘फौंड्रीत डिझाइनचं काम, शॉपफ्लोअरवर जावं लागतं’ असं स्वच्छ लिहा. जानेवारीच्या ऑपरेशनचीही नोंद करा. क्लेमच्या वेळी नातं आणि काम काय होतं यावरून केवढं रामायण होतं, याचं एक उदाहरण देतो. गुजरातमधल्या एका रुग्णालयाचे मानद नेत्रशल्यविशारद १९९७ साली रुग्णालयाच्याच मिनीबसच्या अपघातात गेले. विमा कंपनी म्हणाली, ते रुग्णालयाचे नोकर, म्हणून आमची जबाबदारी मर्यादित. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० साली निकाल लागला की त्यांचा करार पाहता ते नोकर नव्हते, सबब विमा कंपनीनं पूर्ण भरपाई द्यावी. कुटुंबाची तेवीस वर्षं गेली. तिथं नोकर नसणं कुटुंबाच्या फायद्याचं ठरलं, तुमच्याकडे नोकर असणं फायद्याचं आहे. म्हणून सगळ्या कागदांवर एकच आणि खरी गोष्ट असली पाहिजे.

मेडिक्लेम कुटुंबाचा एकत्रित घ्या. कंपनीची ग्रुप पॉलिसी सुटताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं मोजली जातात. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता नव्यानं घ्यावी लागेल. आजारांना पहिले ३० दिवस थांबावं लागतं, अपघात पहिल्या दिवसापासून धरतात. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना विसरू नका. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि आता पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती राहिलेली नाही. दवाखान्यात दाखल होतानाच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल कुठं आहे ते विचारायचं. बिल भरल्यावर काही होत नाही.

ग्रॅच्युइटी बुडालेली नाही. पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी ती मिळते. जून २०१८ ते मार्च २०२४ म्हणजे पाच वर्षं दहा महिने, सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सहा. १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६, असे ६२,३०८ रुपये. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत कंपनीनं द्यायला हवे होते, आता व्याजासह मागा. आणि इथंच कंपनीची कोंडी आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नोकरी ३१ मार्चला संपली असेल, तर ग्रॅच्युइटी टाका. संपली नव्हती असं म्हणायचं असेल, तर पगारपत्रकावर परत घ्या आणि पीएफ भरा. दोन्हीतून सुटका नाही. पत्रात हे दोन्ही पर्याय लिहा.

पीएफचे साठलेले पैसे कितीही गरज वाटली तरी काढू नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, त्यातली जवळजवळ सहा झाली आहेत. ती सहा पुसू नका. वारस म्हणून तुमचं नाव आहे का, तेवढं तपासा. लग्नाआधीचं नामनिर्देशन तसंच राहिलेलं मी शेकड्यांनी पाहिलं आहे.

आता हे मालकांकडे न्यायचं कसं? नोकरी जाईल ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी वकिलाची नोटीस नको. मिस्टरांनी थेट मालकांना, एचआरला वळसा घालून, एक पानी साधं पत्र द्यावं. अपघाताची तारीख, खर्च, पावत्या, आणि एक प्रश्न : ‘आपल्या कारखान्याची कर्मचारी भरपाईची विमा पॉलिसी आहे का, आणि तिच्या पगाराच्या आकड्यात आम्हा कन्सल्टंटांचे पैसे धरले आहेत का?’ बऱ्याच फौंड्रींकडे ही पॉलिसी असते. ती असेल आणि नावं धरलेली असतील, तर मालकाच्या खिशातून फारसं जात नाही आणि चर्चेचा सूर बदलतो. सोबत पुढच्या करारासाठी मागणी ठेवा : एक तर पगारपत्रकावर घ्या, नाही तर त्या पॉलिसीत नाव घाला, अपघात आणि मेडिक्लेमचा हप्ता कंपनीनं भरावा, आणि १६-ए दर तिमाहीला वेळेवर द्यावा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दिला नाही तर स्पीड पोस्ट.

एक महिना वाट बघा. उत्तर आलं नाही तर कसबा बावडा रस्त्यावरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, तिथं मोफत वकील मिळतो. पीएफची तक्रार वेगळी, ती भविष्य निर्वाह निधीच्या कोल्हापूर कार्यालयात. चौकशी करून नातं काय आहे ते ठरवण्याचा अधिकार त्यांनाही आहे.

राहिलं शेवटचं, पत्र त्यांना न सांगता लिहिल्याचं. मला अंदाज आहे. पुरुष माणूस घरात बसला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि आता त्यावर बोलणंच नको असं झालं असेल. माझे वडीलही त्या डोळ्याबद्दल पुढं कधी बोलले नाहीत. पण दाव्याच्या अर्जावर, मालकांच्या पत्रावर आणि विम्याच्या फॉर्मवर सही त्यांचीच लागणार आहे, तुमची चालणार नाही. रविवारी जेवणं झाल्यावर जानेवारीचं ते बिल त्यांच्यासमोर ठेवा आणि १३ वर बोट ठेवून विचारा, हे कशाचे दिवस आहेत म्हणून. बाकीचं हे पान त्यांना वाचायला द्या.